अर्ध्यावर राहिलेली मोटार : तिचे मोल आणि तिची जोखीम

भोपाळमधील टी. टी. नगर हे नाव घेताना त्यातील दोन आद्याक्षरे तात्या टोपे यांची आहेत, हे आता तेथील रहिवाशांच्याही सहसा ध्यानात येत नाही. येवल्याच्या या सेनानीला १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ ही राजधानी झाली, आणि त्यांच्या नावाची ही वस्ती सरकारी नोकरांनी भरून गेली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून बदली होऊन आलेली कितीतरी मराठी कुटुंबे त्यांत होती. घरापुढे थोडेसे अंगण, अंगणात कडुलिंब, आणि पुढच्या पिढीच्या काळात त्या कडुलिंबाखाली एखादी मोटार, असे या वस्तीचे रूप पुष्कळ वर्षे टिकले. २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेसाठी शिवाजी नगर व तुळशी नगर यांच्याऐवजी उत्तर टी. टी. नगराची निवड झाली, आणि जुनी सरकारी निवासस्थाने एकामागून एक पाडली जाऊ लागली. घर सोडताना माणूस भांडीकुंडी बरोबर नेतो, देव्हारा नेतो, तुळशीचे वृंदावनही उचलून नेतो. चाके काढून ठेवलेली मोटार मात्र त्याला सहजासहजी नेता येत नाही. वर्षानुवर्षे पुढे ढकललेला प्रश्न अशा वेळी अकस्मात दारात येऊन उभा राहतो. ही मोटार पुरी करावयाची, विकावयाची, की मोडीत काढावयाची?

हा प्रश्न साध्या जुन्या मोटारीचा असता, तर त्याचे उत्तर कबाडखान्यातील वजनकाट्यावर मिळाले असते. परंतु काही मोटारी अशा असतात की त्यांच्याभोवती लोकांचा जीव गुंतलेला असतो. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा ही त्यांपैकी एक होय. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातून ती १९८४ मध्ये बाहेर पडली आणि २००२ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. तिचा घाट मूळचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीचा. त्या कंपनीच्या १९७० नंतरच्या व्हिक्टर व व्हीएक्स या गाड्यांवरून तो घेतलेला होता. लांब बॉनेट, रुंद बैठक, मागच्या चाकांना मिळणारी गती आणि साडेचार मीटरांहून अधिक लांबी यांमुळे, ॲम्बॅसडर व फियाट यांच्याच गर्दीत वाढलेल्या डोळ्यांना ती परदेशी चित्रपटातून उतरल्यासारखी भासे. मंत्र्यांच्या व वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दिमतीला ती असे. त्यामुळे राजधानीच्या शहरात ती मानाची खूण ठरली.

अलीकडे तरुण मंडळी कॉन्टेसाला ‘भारतीय मसल कार’ असे म्हणतात. हे विशेषण ऐकून अमेरिकेतील जाणकार कदाचित हसतील. ज्या १९६४ सालच्या पॉन्टिॲक जीटीओपासून त्या देशात या प्रकाराची लाट उसळली असे मानतात, तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे व ३२५ अश्वशक्तीचे होते. मध्यम आकाराच्या गाडीत थोरल्या गाडीचे इंजिन बसवावयाचे, अशी ती युक्ती होती. पहिल्या कॉन्टेसात मात्र ॲम्बॅसडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे जुने इंजिन होते आणि त्याची शक्ती जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणतात ते हेच. पुढे जपानच्या इसुझू कंपनीचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स तिला मिळाला, डिझेलचेही इंजिन आले, आणि मग कोठे देहाला शोभेसा जीव तिच्यात आला. तरीही लोकांचे प्रेम अश्वशक्तीच्या आकड्यांवर जडलेले नसते. ते रूपावर आणि आठवणींवर जडलेले असते. मोल ठरविण्यातील पहिली अडचण येथेच उत्पन्न होते.

दुसरी अडचण अर्धवटपणाची. धडधाकट मोटारीची किंमत बाजार सांगतो, आणि पार मोडलेल्या मोटारीची किंमत लोखंडाचा भाव सांगतो. या दोहोंच्या मध्ये लटकणारी, इंजिन एकीकडे, दारे दुसरीकडे आणि काचा पलंगाखाली अशा अवस्थेतील मोटार कोणत्याच तराजूत बसत नाही. विकणारा तिची किंमत घातलेल्या पैशावरून सांगतो. घेणारा ती डोळ्यांपुढे नाचणाऱ्या चकचकीत चित्रावरून मान्य करतो. दोघांचीही दृष्टी प्रत्यक्ष समोर असलेल्या वस्तूवर नसते. घर पाहावे बांधून, असे म्हणणाऱ्या पूर्वजांनी जुनी मोटार पुन्हा बांधून पाहिली नव्हती, नाही तर म्हणीत तिचाही समावेश झाला असता.

एक प्रसंग कल्पनेने उभा करून पाहावा. सचिवालयातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आहेत. त्यांची १९९२ सालची कॉन्टेसा अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. सहा वर्षांपूर्वी तिचे काम काढले होते, ते मध्येच थांबले. आता घर सोडावयाचे आहे. शेजारच्या चाळिशीतील ओळखीच्या माणसाकडून समजल्यामुळे एक तरुण अभियंता ती पाहावयास येतो. लग्नासाठी व घराच्या पहिल्या हप्त्यासाठी म्हणून त्याने चार लाख रुपये साठविलेले आहेत, आणि त्यांतील काही रक्कम या गाडीत घालावी असे त्याच्या मनात आहे.

“काका, काम किती झाले आहे?”

“ऐंशी टक्के झालेच समज. दोन लाख वीस हजार घातले आहेत मी. पावत्या आहेत सगळ्या.”

“आणि थांबले केव्हा?”

“काकूंनी अंथरूण धरले तेव्हा. मग गॅरेजवाल्याला काय द्यायचे आणि दवाखान्यात काय द्यायचे, असे झाले.”

तरुण थोडा वेळ गप्प राहतो. “मागच्या बाजूने वर उचलून बघू का, काका?”

या छोट्या संवादात मोल ठरविण्याचे जवळजवळ सारे शास्त्र आलेले आहे. ऐंशी टक्के या आकड्याला काही अर्थ नाही. मोटारीच्या कामात पहिला अर्धा भाग, म्हणजे सोडविणे, घासणे, इंजिन उघडून पुन्हा बसविणे, हा डोळ्यांना दिसणारा व झपाट्याने होणारा भाग असतो. उरलेल्या भागात काचेभोवतीचे रबर, दाराची कुलुपे, छताचे अस्तर, दिव्यांच्या तारा, एकमेकांशी न जुळणाऱ्या फटी असा चिवट ऐवज असतो. त्यासाठी वेळ तर अधिक लागतोच, शिवाय मिळत नसलेल्या वस्तूंच्या मागे हिंडावे लागते. म्हणून काम किती झाले यापेक्षा काय उरले, हे विचारणे शहाणपणाचे. आणि त्याहूनही शहाणपणाचा प्रश्न तरुणाने विचारला तो. काम थांबले केव्हा आणि कशामुळे?

अपुरे राहिलेले प्रत्येक काम कोठेतरी अडलेले असते. पत्र्याचे काम सुरू होताच थांबलेली मोटार बहुधा आतून कुजलेली निघते. मिस्त्रीने एक भोक बुजविण्यासाठी पत्रा कापला असतो, त्यामागे दुसरे भोक, त्यामागे तिसरे, आणि अखेरीस मालकाने हात टेकलेले असतात. रंग लागल्यावर थांबलेली मोटार पुष्कळदा एखादी काच, एखादी जाळी किंवा एखादा दिवा न मिळाल्यामुळे थांबलेली असते. इंजिन जोडताना थांबली असेल, तर चुकीचा भाग बसला असण्याचा संभव मोठा. या तिन्ही ठिकाणी मोटारीनेच माणसाला हरविलेले असते, आणि नव्या मालकालाही ती त्याच जागी गाठण्याची शक्यता असते. परंतु घरात आजारपण आले, बदली झाली, मुलगा परगावी गेला, पैसा दुसरीकडे वळवावा लागला, अशा कारणांनी थांबलेले काम निराळे. तेथे अडथळा मोटारीत नसून मालकाच्या आयुष्यात होता. काकूंच्या आजारपणामुळे थांबलेली ही कॉन्टेसा, ती गोष्ट खरी असल्यास, त्याच पैशात मिळणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गाडीपेक्षा अधिक विश्वासाची ठरते. विकणाऱ्याचे दुःख घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते, असे म्हणणे कठोर वाटेल. तरी व्यवहारातील वस्तुस्थिती तशी आहे.

मागच्या बाजूने उचलून पाहण्याची तरुणाची सूचना तर लाखमोलाची. कॉन्टेसाला जीपसारखी वेगळी लोखंडी चौकट नसते. जीपचे अंग कुजले तर ते काढून त्याच चौकटीवर दुसरे बसविता येते. कॉन्टेसाचे तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या, चाकांवरील कमानी, मागच्या डिकीचा तळ या सर्वांचे पत्रे मिळूनच तिचा सांगाडा बनतो. दाराखालची पेटी गंजली म्हणजे मोटारीचे हाडच गंजले. भोपाळात पावसाळ्याचे चार महिने दमट आणि उन्हाळा कडक. ताडपत्रीखाली झाकलेल्या मोटारीत पावसाची ओल कोंडून राहते, कडुलिंबाची पाने समोरच्या काचेखालील पाण्याच्या वाटा बुजवितात, आणि पाणी निमूटपणे पायाखालच्या गालिच्यात मुरत जाते. वरून रंग झगझगीत दिसत असतानाही खाली पत्र्याचा पापड झालेला असतो.

हा पापड ओळखण्याचे साधन अगदी स्वस्त आहे. एक लहानसे लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळावे आणि पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे, असे समजावे. लांबी भरणे हे पाप नव्हे. उत्तम कारागीरही शेवटचा हात म्हणून ती पातळ लावतो. परंतु बोटभर जाडीची लांबी ही दुरुस्ती नसून पांघरूण होय. म्हणूनच घासलेली, उघडी, कुरूप दिसणारी अपुरी मोटार ही नुकताच रंग दिलेल्या अपुऱ्या मोटारीपेक्षा घेणाऱ्याला अधिक हितावह असते, कारण तिच्यात काय आहे ते दिसते. विकण्यापूर्वी घाईने रंग मारून घेणारा मालक स्वतःचे दुहेरी नुकसान करतो. रंगाचा खर्च जातो आणि जाणत्या गिऱ्हाईकाचा विश्वासही जातो.

पत्र्यावर एवढा भर देण्याचे कारण केवळ कॉन्टेसालाच लागू पडणारे आहे. अमेरिकेतील एखादी अपुरी मोटार घेणाऱ्याची स्थिती निराळी. १९६९ सालची शेवरोले कॅमेरो किंवा पहिल्या पिढीची मस्टँग यांचे पत्रे, दारे, किंबहुना संपूर्ण अंगच तेथे नव्याने बनवून विकले जाते. ब्रिटनमध्येही एमजीबी या गाडीचे नवे सांगाडे १९८८ पासून मूळ साच्यांवर तयार होऊ लागले. तेथे हरवलेला भाग म्हणजे केवळ एक खर्चाची बाब असते. कॉन्टेसाचे तसे नाही. तिच्या अंगाचे पत्रे, काचा, जाळी, बंपर हे तिचेच, दुसऱ्या कोणत्याही भारतीय मोटारीचे नव्हेत. कारखाना ते बनवीत नाही आणि दुसराही कोणी मोठ्या प्रमाणात बनवीत नाही. याउलट तिची यंत्रे एकटी नाहीत. पहिल्या कॉन्टेसाचे इंजिन ॲम्बॅसडरचे, आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पुढे ॲम्बॅसडरमध्येही बसू लागले. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालू होते, त्यामुळे पिस्टन, बेअरिंगे, गास्केटे, क्लच यांचा शोध दिल्लीच्या काश्मीरी गेटाकडे किंवा कोलकात्याच्या मल्लिक बाजारात घेतला तर तो अगदीच व्यर्थ जात नाही.

यावरून एक उफराटा वाटणारा निष्कर्ष निघतो. सामान्य गिऱ्हाईक प्रथम विचारतो, इंजिन चालू आहे का? ते चालू असले की तो हुरळतो आणि बंद असले की पाठ फिरवितो. कॉन्टेसाच्या बाबतीत इंजिन मुळीच नसलेली पण सर्व काचा, चारही दारे, मूळ जाळी व सुका पत्रा असलेली मोटार, ही गोड आवाजात चालणाऱ्या पण तळ कुजलेल्या मोटारीपेक्षा अधिक किंमत देऊन घ्यावी. इंजिन विकत मिळते, पण सांगाडा पैसे मोजूनही मिळत नाही. काकांच्या गॅरेजातील खोकी उघडताना तरुणाने पिस्टन मोजण्याआधी काचा मोजाव्यात.

इंजिन समोर असलेच, तर ते घाईने सुरू करण्याचा मोह आवरला पाहिजे. सहा वर्षे थांबलेल्या इंजिनाला एकदम किल्ली मारणे म्हणजे दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला धावावयास लावणे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी पान्याने क्रँक हाताने फिरवून पाहावी. ती फिरली तर अर्धी चिंता मिटली. टाकीतील जुने पेट्रोल आटून चिकट राळेसारखे झालेले असते, ते कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ देऊ नये.

आता हिशेबाकडे वळावे. पुढील आकडे बाजारभाव म्हणून नव्हेत, केवळ रीत दाखविण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, अशीच एखादी पूर्ण झालेली, कागदपत्रे ठीक असलेली कॉन्टेसा पाच लाखांस विकली जाते. तरुणाने दोन वेगवेगळ्या गॅरेजांतून उरलेल्या कामाचा अंदाज घेतला, तो दोन लाख वीस हजार आला. जुन्या मोटारीचा अंदाज कधीही खरा ठरत नाही, म्हणून त्यात निम्मी भर घालावी, ती एक लाख दहा हजार. पाच लाखांतून हे तीन लाख तीस हजार वजा जाता उरले एक लाख सत्तर हजार. ही त्या मोटारीची आजची कमाल किंमत. तरुणाचे दीड वर्षाचे रविवार, भोपाळ-दिल्ली फेऱ्या आणि घरच्यांची बोलणी यांत धरलेली नाहीत. ती धरली तर आकडा आणखी खाली जातो.

काका मात्र तीन लाख मागतात. त्यांच्या दृष्टीने ही मागणी वावगी नाही. गाडी आधीच होती, वर दोन लाख वीस हजार घातले. परंतु घातलेला पैसा ही बीजगणितातील नव्हे, इतिहासातील संख्या आहे. त्यांतील किती मोटारीच्या अंगात उरला, किती मिस्त्रीच्या मजुरीत विरला आणि सहा पावसाळ्यांनी किती परत नेला, हे पावत्यांवरून कळत नाही. एक लाख तीस हजारांचा जो फरक उरतो, त्यात मोटारीचे काही नाही. त्यात काकूंना पुढच्या आसनावर बसवून केलेल्या पचमढीच्या सहली आहेत. ते मोल खोटे नव्हे. मात्र ते काकांचे आहे, आणि बाजारात ते दुसऱ्याच्या खिशातून वसूल करता येत नाही. ज्याला ते सोडवत नसेल त्याने मोटार विकू नये. ती पुरी करावी, निदान कोरड्या जागी हलवावी. तरुणाने तो फरक दयेपोटी भरला, तर काकांवर उपकार होतील, पण त्याच्या चार लाखांतून घराचा हप्ता निसटेल. पुढे काम अडले की हीच मोटार पुन्हा अर्ध्यावर, फक्त दुसऱ्या अंगणात, उभी राहील. अर्धवट मोटारींचे बहुधा असेच होते. त्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि प्रत्येक हातात काही नटबोल्ट हरवतात.

कागदपत्रांचा विचार लोक शेवटी करतात. तो वास्तविक पहिल्या दिवशी करावयाचा. खाजगी मोटारीची नोंदणी कायद्याने पंधरा वर्षांपुरती असते आणि नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. शेवटची कॉन्टेसा २००२ ची, म्हणजे या जातीच्या प्रत्येक मोटारीने ही मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. अंगणात उभ्या असलेल्या मोटारीची नोंदणी बहुधा मधल्या काळात संपलेली असते. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने जुन्या मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क पुष्कळ वाढविले, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्यास पाचशे रुपये जादा आकार ठेवला. सहा वर्षांचा उशीर म्हणजे बहात्तर महिने. हिशेब ज्याचा त्याने करावा, आणि तो मोटारीच्या किमतीतून वजा करावा.

काहींना वाटते, ही जुनी मानाची मोटार आहे, तिला ‘विंटेज’ म्हणून सवलत मिळेल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले हे खरे. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, आणि रोजच्या वापरास मनाई, असे त्यांचे स्वरूप आहे. परंतु त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली असावी लागतात. अगदी पहिल्या वर्षीच्या कॉन्टेसालाही तो मान २०३४ पूर्वी मिळावयाचा नाही. शिवाय मोटार मूळ रूपात असावी, अशीही अट आहे. ज्यांना तोवर धीर धरावयाचा आहे, त्यांनी आज हौसेखातर तिच्यात भलतेच इंजिन कोंबू नये. तशीही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनमानी फेरबदलांस आडवे येते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीपत्रातील मूळ वर्णनाशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत असेच सांगितले. इंजिन बदललेच असेल तर त्याची नोंद पुस्तकात आहे की नाही, हे क्रमांक जुळवून पाहावे. एकीचा सांगाडा आणि दुसरीची कागदपत्रे अशी जोडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चोरीच्या मोटारी याच वाटेने जातात.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गुंता संभवतो. मोटार नागपुरात घेतलेली, क्रमांक एमएच ३१ चा, आणि गेली वीस वर्षे ती भोपाळात. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या मोटारीची नोंदणी तेथे करून घेणे कायद्याने आवश्यक असते, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मालक हयात नसेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून मोटार प्रथम स्वतःच्या नावावर करावी, मगच विकावी. वडिलांच्या नावावरील मोटार मुलाने परभारे विकली, असा व्यवहार दोन्ही पक्षांना पुढे नडतो.

या उद्योगात पैशापेक्षा मोठी जोखीम जिवाची असते, आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. विटांच्या थप्पीवर उभ्या केलेल्या मोटारीखाली माणसे बिनदिक्कत सरपटतात. वीट दाबाखाली सूचना न देता फुटते. लोखंडी स्टँड काही शे रुपयांत मिळतात. त्यांवाचून कोणी खाली जाऊ नये. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते, आणि तिच्याजवळ वेल्डिंग करणे म्हणजे बॉम्बला काडी लावणे. जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. मोटार सुरू होण्याआधी थांबली पाहिजे, म्हणजे खर्चाचा क्रम लावताना ब्रेक आधी आणि इंजिन मागून. टायरवरील नक्षी नवी दिसत असली तरी बाजूवर कोरलेल्या चार अंकांतून तो कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी बनला हे कळते. दहा वर्षांचा न वापरलेला टायर म्हणजे नवा टायर नव्हे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तेव्हा ॲम्बॅसडर जातीच्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याचा प्रश्न आला. इंजिन उघडलेलेच असेल तर तेथे कठीण धातूची कडी बसवून घेणे थोड्या खर्चात होते. त्यानंतर २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पसरत गेले. त्या मिश्रणात जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या, पडदे आणि पंपांतील भाग फुगतात, मऊ पडतात, प्रसंगी गळतात. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल गळणे हा केवळ खर्चाचा विषय नाही. काकांच्या पावत्यांत सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या ‘नव्या’ नळ्यांची नोंद असेल, तर त्या नळ्या मोलातून वजा कराव्यात आणि या इंधनास टिकणाऱ्या बसवून घ्याव्यात.

मोटार पुरी करण्याजोगी नाही, असे ठरले तरी ती कबाड्याला परस्पर देऊन मोकळे होता येत नाही. नोंदणी रद्द करून घेतली नाही तर कागदोपत्री मालक तोच राहतो, आणि तिचा क्रमांक उद्या दुसऱ्या एखाद्या वाहनावर दिसला तर पोलीस त्याच्याच दारी येतात. २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या मोडणी केंद्रात ती देऊन प्रमाणपत्र घ्यावे. मात्र त्याआधी काचा, जाळी, दिवे, दारांची मुठी, घड्याळे असे कॉन्टेसाचेच म्हणून जे जे असेल ते काढून घ्यावयास हरकत नाही. कोठेतरी दुसऱ्या अंगणात एखादी कॉन्टेसा नेमकी त्याच एका काचेसाठी थांबलेली असते, आणि सुट्या भागांची एकूण किंमत कधी कधी लोखंडाच्या किमतीला मागे टाकते.

आणि ज्यांना आज यांपैकी काहीच ठरविता येत नाही, घर मात्र रिकामे करावयाचे आहे, त्यांनी निदान एवढे करावे. मोटार हलविण्यापूर्वी चारही बाजूंनी, खालून, आतून छायाचित्रे काढावीत. प्रत्येक खोक्यातील नटबोल्ट वेगळ्या पिशवीत बांधून पिशवीवर तो कोठला हे लिहावे. ज्या मिस्त्रीने गाडी सोडविली त्याला अर्धा दिवस बोलावून त्याच्याकडूनच ही नावे सांगून घ्यावीत, कारण कोणता बोल्ट कोठला हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. ताडपत्री काढून टाकावी आणि हवा खेळेल असे सुती आवरण घालावे, चाके बसवून ती जमिनीवर टेकवावी, बॅटरी काढून घ्यावी, टाकी रिकामी करावी, आणि नोंदणीपुस्तक मोटारीत न ठेवता घरातील कपाटात, मालमत्तेच्या कागदांशेजारी ठेवावे.